धडधड खरी आहे

१९१३ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा मोसमातला शेवटचा, सर्वांत चुरशीचा सामना संपला आणि संघातल्या पंचवीस जणांची लघवी लगेच तपासली गेली. बारा जणांच्या लघवीत साखर सापडली. धावपळीच्या वेळी शरीर साठवलेली साखर रक्तात सोडतं, तेव्हा यात फारसं नवल वाटू नये. पण या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते. कधीही बोलावणं येईल या धास्तीत बाकावर बसून त्यांनी सामना पाहिला होता, आणि तेवढ्यावर त्यांच्या यकृतानं खेळायची सगळी तयारी करून टाकली होती. नऊ वैद्यकीय विद्यार्थ्यांची अशीच तपासणी एका अवघड परीक्षेनंतर झाली, तेव्हा चौघांच्या लघवीत साखर निघाली. सोप्या परीक्षेनंतर ती एकाच्याच लघवीत होती.

हे संशोधन वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचं. क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन पाहत असताना मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते, हे त्यांना एकोणिसावं शतक सरता सरता दिसलं होतं. तिथून सुरू झालेलं काम त्यांनी १९१५ च्या ग्रंथात एकत्र मांडलं, आणि संकटाच्या वेळी शरीर लढायची किंवा पळायची तयारी करतं, हा विचार वैद्यकात रुजला. त्याला शंभरावर वर्षं झाली. तरीही आज दहावी-बारावीतलं मूल छातीत धडधडतंय म्हणून दवाखान्यात जातं, ईसीजी होतो, रक्त तपासलं जातं, आणि शेवटी त्याला सांगितलं जातं, 'काही नाही, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. टेन्शन घेऊ नकोस.' यातलं 'काही नाही' हे चूक आहे. त्या शरीरात बरंच काही होत असतं, ते मोजता येतं, आणि ते नीट समजावून न सांगितल्यामुळे मुलाचं दुखणं कसं वाढत जातं याचीही आता चांगली माहिती आहे.

शरीरात घडतं ते दोन वेगांनी. मेंदूतल्या अमिग्डला या छोट्या भागाला धोक्याची चाहूल लागली की हायपोथॅलॅमसमार्फत सिम्पथेटिक मज्जातंतू काही क्षणांत जागे होतात आणि मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रिनलिन सोडतात. हृदय जोरात आणि भरभर चालू लागतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात आणि चेहरा पांढरा होतो. तिथलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. तळहातांना घाम फुटतो, इतका की उत्तरपत्रिकेवरची शाई फिसकटते. लाळ आटते, घशाचे स्नायू आवळतात आणि आवंढा गिळता येत नाही. जठर आपलं काम थांबवतं. मोठं आतडं मात्र उलट घाई करतं. पेपरच्या आधी जेवण नको वाटतं आणि त्याच वेळी संडासला पळावं लागतं, ते यामुळे. एकाच पोटात एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी चालू असतात.

दुसरा मार्ग संथ आहे. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला आणि ती ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थराला संदेश देते, आणि कॉर्टिसोल पाझरू लागतं. त्याची पातळी ताण सुरू झाल्यावर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखराला जाते. कॉर्टिसोल वाईट आहे असं अलीकडे सर्रास म्हटलं जातं, ते बरोबर नाही. ते नसेल तर साधा तापही शरीराला झेपायचा नाही. प्रश्न येतो तो ते पुनःपुन्हा चढतं आणि वेळेवर उतरत नाही तेव्हा.

ते कशानं चढतं, हे जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेल्या एका चाचणीतून चांगलं कळलं. माणसाला परीक्षकांपुढे उभं करायचं, थोड्या तयारीनंतर पाच मिनिटं बोलायला लावायचं आणि मग मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत मोठ्यानं म्हणायला सांगायचं. परीक्षकांनी चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही. ज्यानं कधी तोंडी परीक्षा दिली आहे त्याला हा प्रकार ओळखीचाच वाटेल. या चाचणीत लाळेतलं कॉर्टिसोल दुपटीनं आणि त्याहूनही अधिक वाढतं. पुढे २००४ मध्ये अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास झाला. काम किती अवघड आहे यापेक्षा दोन गोष्टी कॉर्टिसोल हमखास वाढवतात, असं त्यात दिसलं: दुसरे आपल्याला जोखताहेत ही जाणीव, आणि परिणाम आपल्या हातात नाही ही भावना. आपल्याकडच्या दहावी ते नीट-जेईईच्या वर्षांत या दोन्ही गोष्टी ठासून भरलेल्या आहेत. दर आठवड्याच्या टेस्टनंतर भिंतीवर लागणारी क्रमवारी, निकालाच्या दिवशी अकरा वाजल्यापासून सुरू होणारे नातेवाइकांचे फोन, चौकातले अभिनंदनाचे फ्लेक्स: जोखलं जाणं आणि हाती काही नसणं याहून वेगळं त्यात काय आहे? एनसीईआरटीनं २०२२ मध्ये देशभरातल्या पावणेचार लाखांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा चिंतेचं कारण म्हणून ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचीच नावं घेतली.

आता श्वासाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त घबराट आणि सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहेत. मूल म्हणतं, 'श्वास पुरत नाही.' प्रत्यक्षात ते गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतं. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात; डोकं हलकं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आजूबाजूचं सगळं खोटं वाटू लागतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियमही कमी होतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, आणि बराच वेळ हे चाललं तर बोटं आखडून हात वाकडे होतात. मुलीचे हात असे वाकडे झालेले पाहिले की घरच्यांना फिट आली, लकवा मारला, कुणी काही केलं असं वाटतं. रात्री रिक्षा करून तिला हॉस्पिटलात नेतात, तिथे सलाईन लागतं, तासाभरात सगळं निवळतं. निवळणारच होतं, भीतीचा असा झटका काही मिनिटांतच शिखर गाठून ओसरू लागतो. पण घरी परतताना मुलीच्या मनात पक्कं बसतं की सलाईन होतं म्हणून वाचले. पुढच्या वेळी भीती दुप्पट असते. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय मात्र आता करू नये, असंच डॉक्टर सांगतात. ती दम्याची किंवा हृदयाची तक्रार असेल, तर पिशवीमुळे प्राणवायू धोकादायकरीत्या कमी होऊ शकतो. श्वास सावकाश सोडायला सांगणं आणि जवळ शांत बसून राहणं, एवढंच त्या वेळी उपयोगाचं असतं.

लहान वयात चिंता सर्वांत आधी पोटात उतरते. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९५८ मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहा मुलांमागे एकाला वरचेवर पोटदुखी होती, आणि तपासून पाहिलं तर त्यांतल्या फार थोड्यांच्या पोटात आजार सापडला. ही पाहणी आजही बालरोगशास्त्रात शिकवली जाते, पण तिचा अर्थ अनेकदा उलटा लावला जातो. आजार सापडला नाही म्हणजे दुखत नव्हतं, असं ॲप्लींनी म्हटलेलं नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं, त्याचं मेंदूशी दोन्ही दिशांनी सतत बोलणं चालू असतं, आणि चिंतेत आतड्याचं साधं ताणलं जाणंही मेंदूपर्यंत कळ म्हणून पोचतं. सोमवारी सकाळी साडेसहाला पोट दुखतं आणि शाळेची बस गेल्यावर थांबतं, म्हणून ते नाटक ठरत नाही. धोका टळला की शरीराची तयारीही ओसरते, इतकंच. मूल खोटं बोलतंय असं ठरवून त्याला दरडावणारे आणि दर सोमवारी त्याला घरी ठेवणारे पालक, दोघंही आपापल्या परीनं त्याच्यावर मायाच करत असतात. पण पहिल्याच्या मुलाला आपल्या शरीरावर कुणाचा विश्वास नाही असं वाटतं, आणि दुसऱ्याच्या मुलाला शाळा खरोखरच धोक्याची आहे याची खात्री पटते.

बाकीच्या अवयवांचं थोडक्यात. मान, खांदे, जबडा यांचे स्नायू दिवसभर आवळलेले राहिले की संध्याकाळी डोकं दुखतं; रात्री दात खाल्ले जातात. स्टॅनफर्डमध्ये २००३ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या मुरुमांची तीव्रता वाढलेली दिसली. केस गळतात ते ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे मार्चमधल्या परीक्षेचा आणि मे-जूनमधल्या फणीतल्या केसांचा संबंध कुणी जोडत नाही. ताणाची रसायनं मेंदूतून निघणारे प्रजननाचे संदेश दाबतात, म्हणून मुलींची पाळी लांबते किंवा चुकते. मला सर्वांत बोलका वाटतो तो १९९८ मधला अमेरिकेतला प्रयोग. दंतवैद्यकाच्या अकरा विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची बारीक जखम दोनदा केली गेली: एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी चाळीस टक्के जास्त वेळ लागला, आणि सुट्टीइतक्या लवकर ती एकाचीही भरली नाही. निरोगी, तरुण माणसं, तेच तोंड, तीच जखम.

झोपेचा प्रश्न यात वेगळा उभा राहतो, कारण तिथे शरीर आणि वेळापत्रक यांचंच वैर आहे. वयात येताना मेंदूतलं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्केडन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून हे सिद्ध झालं आहे. पंधरा वर्षांचं मूल दहाला झोपू शकत नाही, यात मोबाइलचा वाटा आहेच, पण सगळा दोष मोबाइलचा नाही. २००७ मधल्या एका प्रयोगात तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवलं, तेव्हा अस्वस्थ करणारी चित्रं पाहताना त्यांच्या अमिग्डलाचा प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा साठ टक्क्यांनी तीव्र होता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. लहानग्यांची झोप वाचली हे चांगलंच झालं. मात्र ज्या वयात झोपेचं घड्याळ खरोखर पुढे सरकतं, त्या नववी ते बारावीच्या मुलांना पहाटेचे क्लास आणि सातची कॉलेजं तशीच राहिली आहेत. हा निर्णय वरच्या वर्गांपर्यंत न्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

हे सगळं प्रौढांच्या शरीरातही होतं, मग तरुणांचं वेगळं काय? पहिली गोष्ट वयाची. मानसिक आजार कोणत्या वयात सुरू होतात याचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा एकत्रित अभ्यास सांगतो की त्यांतले सुमारे एक तृतीयांश चौदाव्या वर्षाच्या आत आणि जवळजवळ निम्मे अठराव्या वर्षाच्या आत सुरू होतात. चिंतेचे विकार त्यांत लवकर येणाऱ्यांपैकी आहेत. वयात आल्यावर मुलींमध्ये त्यांचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. दुसरी गोष्ट भीती विसरण्याची. एखाद्या गोष्टीची भीती बसली आणि नंतर तीच गोष्ट वारंवार निर्धोक ठरली, तर मेंदू हळूहळू ती भीती सोडतो. २०१२ मधल्या एका संशोधनात उंदीर आणि माणसं या दोघांतही असं आढळलं की हे सोडणं लहान मुलांना जमतं, प्रौढांना जमतं, पण किशोरांना सर्वांत अवघड जातं. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे त्याचं एक कारण असावं. तिसरी गोष्ट उतरण्याच्या वेगाची: वयात येण्याच्या उंबरठ्यावरच्या उंदरांत ताणाची संप्रेरकं एकदा चढली की प्रौढ उंदरांपेक्षा बराच अधिक वेळ चढलेली राहतात. उंदरांवरून माणसांबद्दल सरळ निष्कर्ष काढता येत नाही, पण 'इतक्यात कसा विसरत नाहीस?' असं मुलाला विचारण्याआधी हे आठवायला हरकत नाही.

आणि चौथी गोष्ट मला या सर्वांहून महत्त्वाची वाटते. या वयात शरीर रोज बदलत असतं. घामाचा वास बदलतो, उंची वाढते, पटकन उभं राहिलं की चक्कर येते, रात्री उशीला कान लावला की हृदयाचे ठोके ऐकू येतात. यातलं साधं काय आणि आजाराचं काय, हे ओळखायचा अनुभव अजून गाठीशी नसतो. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये भीतीच्या झटक्याची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी हेच आहे: शरीरात काहीतरी जाणवतं, माणूस त्याचा अर्थ 'हार्ट ॲटॅक येतोय', 'वेड लागणार' असा लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं ॲड्रिनलिन वाढतं आणि जाणीव आणखी तीव्र होते. म्हणजे सुरुवातीला परीक्षेची असलेली भीती आता धडधडीचीच होऊन बसते. मग मूल जिना चढणं टाळतं, खेळ सोडतं, गर्दीत जात नाही, बोटांनी नाडी चाचपत राहतं. हल्ली मनगटावरचं घड्याळ ते काम चोवीस तास करतं. शरीराचा वावर जितका आक्रसतो, तितकी साध्या श्रमानंही धडधड होते, आणि भीतीला नवा पुरावा मिळतो.

याचं पूर्वीचं उदाहरणही तरुणांचंच आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना छातीत दुखणं, धडधड, धाप, थकवा होत असे. जेकब मेंडेस डा कोस्टा या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी तीनशे सैनिकांच्या अनुभवावरून १८७१ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. हृदयात रचनेचा दोष बहुतेकांना सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात तोच प्रकार पुन्हा हजारो तरुणांत दिसला आणि त्याला नवी नावं मिळाली. हृदयाचे रोगी म्हणून कित्येकांना घरी पाठवलं गेलं. हृदय ठीक असलं तरी हृदयरोगी हा शिक्का त्यांच्याबरोबर राहिला.

वारंवार तपासण्या करत राहणं म्हणूनच निरुपद्रवी नाही. दर नवा ईसीजी मुलाला सांगतो की मोठ्यांनाही शंका आहे. पण याची दुसरी बाजू सोडली तर घोर अन्याय होईल. धडधड, धाप, चक्कर, थकवा यांची शारीरिक कारणंही या वयात भरपूर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के भारतीय मुलींना रक्तक्षय होता. अशा मुलीला जिन्यावर धाप लागली आणि डॉक्टरांनी हिमोग्लोबिन न बघता 'टेन्शन' म्हटलं, तर तो हलगर्जीपणा आहे. थायरॉइडचा अतिरेक, दमा, साखर उतरणं, हृदयाच्या ठोक्यांच्या तालातले जन्मजात दोष, चहा आणि एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिन, हे सगळं चिंतेसारखंच दिसू शकतं. पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपणं, घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणं, वजन घटणं, ताप, शौचातून रक्त जाणं, झोपेतून जागं करणारी पोटदुखी, यांतलं काही असेल तर पूर्ण तपासणी व्हायलाच हवी. एकदा, नीट आणि मुलाचं सगळं ऐकून झालेली तपासणी पाच घाईच्या तपासण्यांपेक्षा जास्त कामाची असते.

रक्तक्षयाच्या बाबतीत गोव्यातलं एक संशोधन विचार करायला लावतं. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचं बारा टक्के स्त्रियांनी सांगितलं. त्या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. लागला तो मनाच्या अस्वास्थ्याशी, गरिबीशी आणि नवऱ्याच्या लैंगिक हिंसेशी. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचंही त्याच मंडळींच्या अभ्यासात असंच दिसलं. तिचा धागा जंतुसंसर्गापेक्षा चिंता-नैराश्याशी अधिक जुळत होता. थकव्यासाठी लोहाच्या गोळ्या आणि पांढऱ्यासाठी प्रतिजैविकं घेऊन घरी परतणाऱ्या कितीतरी तरुण मुलींना त्यांच्या मनाबद्दल कुणी एक प्रश्नही विचारलेला नसतो. लोहाच्या गोळ्या द्याव्यातच, प्रश्नही विचारावा.

दूरच्या परिणामांबद्दल बोलताना जपून बोलायला हवं, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या चिंतातुर मुलाच्या डोक्यात आणखी एक भीती घालण्यात काही अर्थ नाही. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या ४९ हजारांहून अधिक तरुणांचा ३७ वर्षं मागोवा घेतला गेला. भरतीच्या वयात ज्यांना चिंतेचा विकार असल्याचं निदान झालं होतं, त्यांना पुढे हृदयविकार होण्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नाही. आणि मुळात कमी असलेला धोका दुप्पट झाला तरी बहुसंख्यांना काहीच होत नाही. परीक्षेच्या महिन्यातल्या धडधडीनं हृदय खराब होत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावं. हा अभ्यास बोट दाखवतो ते वर्षानुवर्षं उपचाराविना राहणाऱ्या चिंतेकडे.

उपाय काय चालतात? सर्वांत सोपा म्हणजे समजावून सांगणं, आणि त्याचाही परिणाम मोजला गेला आहे. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी काहींना २०१० मधल्या एका प्रयोगात आधी सांगितलं होतं की धडधड वाढल्यानं कामगिरी बिघडत नाही, उलट मदत होऊ शकते. त्यांना सरावात आणि नंतर खऱ्या परीक्षेतही गणितात अधिक गुण मिळाले. शांत व्हायला सांगण्यापेक्षा धडधडीचा अर्थ बदलून देणं जास्त उपयोगी पडलं. व्यायामाचाही असाच दुहेरी फायदा आहे. पळताना तीच धडधड, तोच घाम, तीच धाप लागते आणि काहीही वाईट होत नाही, हे शरीर स्वतः शिकतं. दहावीच्या वर्षी खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळा मुलांचं याच बाबतीत नुकसान करतात. श्वासाच्या संथ सरावाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांवर प्रयोगशाळेत काम सुरू केलं होतं. दीर्घ उच्छ्वासानं हृदयाचा वेग उतरतो हे खरं. मात्र धडधडीपासून पळण्यासाठी प्राणायाम केला, तर तोही टाळाटाळीचा एक प्रकार होतो. रोजची सवय म्हणून तो करावा.

विकाराच्या पातळीला गेलेल्या चिंतेसाठी विचार-वर्तन उपचारपद्धतीचा पुरावा भक्कम आहे. तिच्या मुळाशी टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीनं सामोरं जाणं असतं. ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ही पद्धत आणि सर्ट्रलिन हे औषध दोन्ही दिलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के मुलं सुधारली. नुसत्या उपचारपद्धतीनं ६०, नुसत्या औषधानं ५५ आणि खोट्या गोळीनं २४ टक्के. पण त्यांतल्या अनेक मुलांचा पुढे चार वर्षं मागोवा घेतला, तेव्हा सतत बरी राहिलेली मुलं पाचांत एकच होती. जवळजवळ निम्म्यांना मधूनमधून त्रास उलटला. दोन महिने गोळ्या घेऊन 'आता बरी आहे' म्हणत उपचार सोडणाऱ्या घरांना हा दुसरा आकडा सांगायला हवा. येल विद्यापीठातल्या २०२० मधल्या चाचणीनं आणखी एक वाट दाखवली: मुलाला न भेटता फक्त आईवडिलांना बारा भेटींत शिकवलं, की मुलाचा त्रास कबूल करायचा पण त्याच्या टाळण्याला हातभार लावायचा नाही. मुलांवर थेट केलेल्या उपचाराइतकाच तो परिणामकारक ठरला.

आपल्याकडे लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा हे सगळं देणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेच्या पुढाकारानं दिल्लीतल्या सरकारी शाळांत नववी ते बारावीच्या २५१ मुलांबरोबर एक प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या भेटींत मुलांना स्वतःच्या अडचणींवर मार्ग काढायला शिकवलं. मुलांनी स्वतः नोंदवलेल्या अडचणी कमी झाल्या. लक्षणांच्या ठरावीक मोजपट्टीवर मात्र फरक दिसला नाही. निकाल संमिश्र आहे, पण दिशा आपल्या खिशाला परवडणारी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनं २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के सांगितलं, पण तिच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या मुलांसाठी शाळेची वेळ, खेळाचे तास, समुपदेशकांची संख्या ठरवायची ती आपल्याच राज्याच्या आकड्यांवर. ते आकडे गोळा करायला हवेत.

तोवर जे आहे ते वापरता येतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. मुली तिथे बहुतेक पाळी लांबली म्हणून येतात, मुलं मुरुमांसाठी किंवा थकव्यासाठी. तिथल्या समुपदेशकानं त्याच भेटीत झोप किती होते, पोट केव्हा दुखतं, धडधड कुठे असताना होते आणि ती झाली की तू काय करायचं टाळतेस, एवढे चार प्रश्न विचारावेत, आणि हिमोग्लोबिनच्या चिठ्ठीबरोबर त्यांची उत्तरंही केसपेपरवर लिहावीत.